ती गोळी आणि जिभेखालची गोळी

आमचे मेडिकल तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या रस्त्यावर आहे आणि गेली १९ वर्षे मी तेथे फार्मासिस्ट म्हणून काम करते. एवढ्या वर्षांत मधुमेहाच्या, अंगावर जाण्याच्या, अगदी मूळव्याधीच्याही तक्रारी लोकांनी माझ्याजवळ मोकळेपणाने बोलून दाखवल्या. परंतु एका प्रकारची गिऱ्हाइके माझ्यासमोर उभी राहत नाहीत. मी काउंटरवर असेपर्यंत ती समोरच्या पानटपरीपाशी घुटमळतात, मी फ्रीजमधले इन्सुलिन काढायला आत वळले की झटकन पुढे होतात आणि आमच्या मदतनीस मुलाला खालच्या आवाजात म्हणतात, "ती शंभरची एक दे." औषधाचे नाव कोणी उच्चारत नाही. "ती" एवढ्यावरच मुलाला सगळे कळते.

"ती" म्हणजे सिल्डेनाफिल, जिला जग व्हायग्रा या नावाने ओळखते; 'शंभरची' म्हणजे १०० मिलिग्रॅमची. कधी तिच्याऐवजी टाडालाफिल. लिंगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे या तक्रारीवरचे हे औषध आहे. ते शेड्यूल एचमध्ये मोडते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, आणि हा नियम मला अर्थातच पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तरीही सुरुवातीच्या काळात आमच्या दुकानातून ही गोळी सुटी, कागदात गुंडाळून, बिलाशिवाय जात होती आणि मी तिकडे काणाडोळा करत होते, कारण या विषयावर पुरुषांशी बोलायचा मला संकोच वाटे. माझा तो संकोच एका माणसाच्या जिवावर बेतला होता.

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. त्यांच्या पत्नी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठी घेऊन येत. त्या चिठ्ठीत रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि शेवटच्या ओळीत सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम, 'छातीत दुखल्यास जिभेखाली' असे लिहिलेले असे. एका शनिवारी संध्याकाळी हेच गृहस्थ आमच्या मुलाकडून शंभरची एक गोळी घेऊन गेले. पहाटे त्यांच्या छातीवर दडपण आले. पत्नीने डॉक्टरांनी शिकवले होते त्याप्रमाणे सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली, पाच मिनिटांनी दुसरी ठेवली, आणि ते घामाने भिजून न्हाणीघराच्या दारात कोसळले. दवाखान्यात नेले तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब ७० होता. डॉक्टरांनी कोणकोणती औषधे चालू आहेत असे विचारले, तेव्हा मुलगा आणि सून शेजारी उभे असल्यामुळे त्या गृहस्थांनी सगळी नावे सांगितली, तेवढे एक सोडून. डॉक्टरांना शंका आली आणि औषधांच्या पिशवीवरचा नंबर पाहून त्यांनी मला फोन केला. मी आमच्या मदतनीस मुलाला विचारले, त्याने मान खाली घालून होय म्हटले, आणि तिकडे रक्तदाब सावरल्यावर सॉर्बिट्रेटच्याच जातीच्या नायट्रोग्लिसरीनची सलाइन सुरू करण्याची जी तयारी झाली होती ती थांबली. ते गृहस्थ वाचले. दोन्ही गोळ्या माझ्याच काउंटरवरून गेल्या होत्या. एक पत्नीच्या पिशवीत आणि दुसरी नवऱ्याच्या खिशात.

या दोन गोळ्यांचे एकमेकींशी का पटत नाही, हे एकदा नीट समजले की विसरता येत नाही. रक्तवाहिनीची भिंत सैल पडावी असा निरोप शरीरात नायट्रिक ऑक्साइड देते. त्या निरोपावरून पेशींमध्ये सीजीएमपी नावाचे एक रसायन तयार होते, ते साठले की रक्तवाहिनी रुंदावते. हे रसायन सतत साठून राहू नये म्हणून ते मोडून टाकणारे एक विकरही (एन्झाइम) शरीराजवळ असते. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल त्या विकराला अडवतात. घरातल्या मोरीचे उदाहरण घ्या. सॉर्बिट्रेट ही नायट्रेट जातीची गोळी, ती शरीरात हेच नायट्रिक ऑक्साइड पुरवते; म्हणजे नायट्रेटची गोळी हा पूर्ण सोडलेला नळ आणि सिल्डेनाफिल म्हणजे मोरीच्या भोकात कोंबलेला बोळा. नुसता नळ सोडला तर पाणी वाहून जाते, नुसता बोळा बसवला तर थोडे साचते. दोन्ही एकदम झाले की मोरी तुंबून पाणी घरभर होते. येथे घरभर होणे म्हणजे सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकाच वेळी सैल पडणे, रक्तदाब कोसळणे आणि मेंदूला व आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या धमन्यांना रक्त अपुरे पडणे.

नायट्रिक ऑक्साइडचे हे काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. त्याआधीची हकिगत अशी, की इंग्लंडमधल्या सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत हे रसायन तयार झाले ते हृदयशूळावरचे औषध म्हणून. छातीच्या दुखण्यावर त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला आणि औषधाची वाट बदलली. ज्या रुग्णांसाठी ते शोधले जात होते, त्यातल्याच कित्येकांनी आज त्याला हात लावू नये, असे हे औषध आहे.

नायट्रेट म्हणजे केवळ सॉर्बिट्रेट नव्हे. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ही रोज सकाळी घ्यायची गोळी, नायट्रोग्लिसरीनचा जिभेखाली मारायचा स्प्रे, छातीला लावायची पट्टी, हे सगळे त्यातच येते, आणि निकोरँडिल हे वेगळ्या नावाचे औषधही निम्मे तसेच वागते. यातले काहीही नियमाने चालू असेल किंवा अडीअडचणीसाठी खिशात बाळगलेले असेल, तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घ्यायचेच नाही. मात्र यावर तोडगा म्हणून हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हा तर आणखी मोठा धोका आहे. हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. काहींना नायट्रेटची गरज उरलेली नसते आणि ते बदलून देता येते, आणि ज्यांना ते लागतेच त्यांच्यासाठी ताठरतेवर गोळीखेरीज इतर उपाय आहेत.

काळाचा हिशेबही लोकांना माहीत नसतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. टाडालाफिलचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. शनिवारी रात्री दहाला टाडालाफिल घेतलेल्या माणसाला सोमवारी सकाळी बस पकडताना छातीत कळ आली, तर त्याच्या दृष्टीने ती गोळी केव्हाच संपलेली असते, त्याच्या रक्तात ती अजून असते. शेजारी, कंडक्टर, सहप्रवासी यांपैकी कोणी तरी मोठ्या मायेने खिशातली सॉर्बिट्रेट काढून त्याच्या तोंडात घालणार. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांनी आता घरोघरी ती गोळी पोहोचवली आहे आणि छातीत दुखले की विचारायचे नाही, जिभेखाली ठेवायची, असे जणू ठरूनच गेले आहे. म्हणून छातीत दुखते तेव्हा तोंडाने आधी हेच सांगायला हवे, की मी ती गोळी घेतली आहे आणि अमुक वाजता घेतली आहे. घरच्यांना, १०८च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना आणि दवाखान्यात पहिल्यांदा तपासणाऱ्याला. सुनेदेखत सांगवत नसेल, तर सगळ्यांना बाहेर जायला सांगा असे डॉक्टरांना म्हणावे; ते समजून घेतात. हृदयविकारावरचे इतर उपचार करता येतात, फक्त त्यांना हे ठाऊक हवे.

हे वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की ही गोळीच हृदयाला मारते. ज्यांचे हृदय ठीक आहे, किंवा विकार असूनही तो आटोक्यात आहे आणि नायट्रेट चालू नाही, अशा पुरुषांमध्ये या औषधामुळे हृदयविकाराचे झटके वाढत नाहीत, असे चाचण्यांतून दिसले आहे. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, जळजळ, काही काळ वस्तूंवर निळसर छटा दिसणे हे त्रास होतात आणि ओसरतात. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली, कानाला अचानक ऐकू येईनासे झाले किंवा ताठरता चार तासांहून अधिक टिकली, तर मात्र सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवे; या शेवटच्या प्रकारात उशिरामुळे होणारे नुकसान पुढे भरून येत नाही. लाजेपायी लोक नेमके याच वेळी दार लावून घरी बसतात.

"शंभरची" या शब्दाविषयी मला विशेष बोलायचे आहे. आमच्याकडे असा समज आहे की शंभरची म्हणजे पूर्ण गोळी आणि पन्नासची म्हणजे अर्धवट. खरे तर बहुतेकांना सुरुवात ५० मिलिग्रॅमने करतात, पासष्टीच्या पुढे किंवा यकृत-मूत्रपिंडाचा विकार असेल तर २५ने, आणि १०० ही दिवसाची कमाल मर्यादा आहे. त्यातही एक खोच आहे. रविवारी मटणाचे भरपेट जेवण करून गोळी घेतली, तर तेलातुपामुळे सिल्डेनाफिल रक्तात उतरायला सुमारे तासभर उशीर होतो. गडी वाट पाहतो, काही होत नाही म्हणून दुसरी घेतो, बरोबर दारूही असते, आणि मग दोन्ही गोळ्या एकापाठोपाठ अंगात भिनतात. शिवाय ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात ओढ नसेल, भीती असेल, भांडण असेल, तर शंभरचीही काही करत नाही.

आता एका अशा औषधाविषयी लिहिते, ज्याचा या विषयाशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत गजकर्णाने लोकांना हैराण करून सोडले आहे. जांघेत, कमरेला, काखेत. घरातल्या एकाला झाले की सगळ्यांना. त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिनामहिना चालतात आणि आमच्या दुकानातून त्या भरपूर जातात. सिल्डेनाफिल यकृतातल्या ज्या विकरामुळे शरीराबाहेर टाकले जाते, त्याच विकराला इट्राकोनॅझोल दाबून ठेवते. त्यामुळे घेतलेली पन्नासची गोळी अंगात त्याहून कितीतरी मोठी होऊन बसते. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीवरच्या उपचारातले रिटोनाविर यांचेही तसेच. जांघेतल्या खाजेसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस त्यांना ताठरतेच्या गोळीविषयी कशाला सांगेल, आणि तेही कशाला विचारतील? दोन्ही औषधांची गाठ पडण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे औषधाचे दुकान.

तसेच प्रोस्टेटचे. पन्नाशीनंतर लघवीला अडते म्हणून टॅम्सुलोसिनसारखी गोळी रात्रीची चालू असते, तीही रक्तवाहिन्या सैल करते. ती चालू असताना सिल्डेनाफिल देतात, पण डॉक्टर मात्रा कमी ठेवून आणि दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवून देतात. स्वतःच्या मनाने घेणारा माणूस रात्री लघवीसाठी पलंगावरून एकदम उठतो आणि भोवळ येऊन पडतो. शीघ्रपतनासाठीचे डॅपॉक्सेटिन मिसळलेल्या जोडगोळ्याही हल्ली मागितल्या जातात. डॅपॉक्सेटिननेही उठताना शुद्ध हरपू शकते आणि नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर ते चालत नाही, एवढे येथे नोंदवते.

गोळीला घाबरून जे लोक जडीबुटीकडे वळतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. हायवेच्या कडेला तंबू असतात, बाहेर सिंहाची चित्रे, आत बरण्या. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी एसटीच्या मागच्या काचेपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत ती जाहिरात आहेच. 'शंभर टक्के आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाही' असे त्यावर छापलेले असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी अशी शेकडो उत्पादने तपासून त्यांत लपवलेले सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल पकडले आहे. म्हणजे हृदयाचा जो रुग्ण डॉक्टरांचे ऐकून ती गोळी टाळतो, तो चूर्णातून तेच घेतो आणि तेही किती मात्रेत, हे कोणालाच माहीत नसते. २००८ साली सिंगापूरमध्ये तर याहून भयंकर घडले. मधुमेह नसलेले सुमारे दीडशे लोक, जवळजवळ सगळे पुरुष, रक्तातली साखर एकाएकी तळाला गेल्यामुळे रुग्णालयांत दाखल झाले. त्यांच्यापैकी अनेकांनी घेतलेल्या बनावट टाडालाफिलमध्ये आणि जडीबुटीच्या शक्तिवर्धकांमध्ये मधुमेहावरचे ग्लिबेनक्लेमाइड मिसळलेले निघाले. चार जण दगावले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा बऱ्याच जणांनी असे काही घेतल्याचे कबूलही केले नव्हते.

या औषधाची लाज आपण किती अस्थानी लावून घेतली आहे, हे मला एका लहान मुलीच्या चिठ्ठीने शिकवले. पाच-सहा वर्षांची मुलगी, जन्मतः हृदयाला छिद्र, त्यामुळे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब वाढलेला. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला दिवसातून तीनदा अगदी लहान मात्रेत सिल्डेनाफिल लिहून दिले होते, कारण तेच औषध फुप्फुसातल्या वाहिन्याही सैल करते. वडिलांनी मोबाइलवर नाव शोधले आणि रागाने थरथरत काउंटरवर आले, "ताई, हे बघा, माझ्या पोरीला काय लिहून दिलंय!" मी त्यांना स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि नळ-मोरीचेच उदाहरण सांगितले. त्या दिवशी प्रथमच मी सिल्डेनाफिल हा शब्द दुकानात मोठ्याने, दोन गिऱ्हाइके ऐकत असताना उच्चारला. काहीही आकाश कोसळले नाही.

त्यानंतर मी नियम केला. चिठ्ठीशिवाय गोळी जाणार नाही, आणि चिठ्ठी असली तरी आधी एक छोटे कार्ड हातात जाईल. कार्डावर मराठीत चार प्रश्न छापले आहेत. छातीसाठी जिभेखालची गोळी, स्प्रे किंवा पट्टी कधीही दिली आहे का. लघवीच्या त्रासासाठी गोळी चालू आहे का. गजकर्णासाठी कॅप्सूल चालू आहेत का. दोन मजले जिना चढताना छातीत दुखते किंवा धाप लागते का. बोलायची गरज नाही, बोट ठेवले तरी पुरते. चौथा प्रश्न मी हृदयरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून घातला, कारण खरा ताण शरीरसंबंधाच्या श्रमाचा असतो आणि जिना चढताना ज्याला दम लागतो त्याने आधी हृदय तपासून घ्यायचे असते.

त्याच कार्डाच्या मागे आणखी एक ओळ आहे: साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल शेवटचे केव्हा तपासले? लिंगाकडे जाणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या धमन्या त्यांच्या जवळपास दुपटीच्या. चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच साचतो, पण बारीक नळी आधी अडते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाची ताठरता कमी होणे ही पुष्कळदा हृदयविकाराची दोन-चार वर्षे आधी आलेली सूचना असते. चाळीस वर्षांचा एक रिक्षाचालक या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून उभा होता; कधीच तपासले नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर पाहिली ती २६० निघाली. त्याला मधुमेह आहे हे त्याला त्या गोळीच्या निमित्ताने कळले. सुटी गोळी कागदात गुंडाळून दिली असती, तर ते आणखी काही वर्षे कळले नसते.

पहाटे कोसळलेले ते गृहस्थ अजून आहेत. ती गोळी आता घेत नाहीत. त्यांच्या पत्नी आजही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतात, फक्त आता त्या माझ्याशीच बोलतात. गेल्या खेपेला त्यांनी पर्समधून सॉर्बिट्रेटची स्टीलची डबी काढून दाखवली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने कागदाचा तुकडा लावलेला आहे आणि त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, 'आधी विचारायचे'.